शरीरातल्या पेशी परजीवीला गिळतात, मग तो मरत का नाही?

गोदाकाठची_मैना
नमस्कार मंडळी. विषय जरा किळसवाणा आहे, जेवता जेवता वाचू नका.

धाकटा भाऊ दोन वर्षं बिकानेरच्या पुढे एका सोलर प्रकल्पावर आहे. उन्हाळ्यात सगळे खोलीबाहेर बाज टाकून झोपायचे. जुलैत त्याच्या उजव्या मनगटाच्या वर बारीक पुळी आली. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं. ती वाढत गेली. मधे खळगा, भोवती उंच कडा, वर खपली. नवल म्हणजे दुखत नाही, खाजत नाही. दिवाळीला घरी आला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढी झाली होती. इथे एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, दुसऱ्यांनी गजकर्णाचं मलम. ढिम्म फरक नाही.

परत गेल्यावर तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बघताक्षणी ओळखलं. कडेची थोडी खरवड काढून काचेवर घेतली आणि सांगितलं, लेशमॅनिया नावाचा परजीवी. वाळूमाशी चावल्याने होतो. वर म्हणाले, "तुम्हारे ही सिपाही के पेट में बैठा है।"

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून मारतात हे आपण शाळेत शिकलो. गिळलंय तर मेला का नाही? आणि मरतच नसेल, तर 'वर्षभरात आपोआपही बरं होतं' असं तेच डॉक्टर कसं म्हणतात? भाऊ म्हणतो, ताई तू गूगल करणं थांबव. म्हणून इथे विचारतेय.

टवाळ_कार्टं
शीर्षक वाचून वाटलं सासरच्या मंडळींवर धागा आहे.

हळदकुंकू
रात्री हळद आणि खोबरेल लावून बघा. आमच्याकडे सगळ्यावर तेच.

काचपट्टी
@हळदकुंकू, उघड्या जखमेवर घरगुती काही नको, प्लीज.

मी पॅथॉलॉजिस्ट. महाराष्ट्रात हा त्वचेचा प्रकार क्वचितच बघायला मिळतो, त्यामुळे इथे चटकन लक्षात आलं नाही तर डॉक्टरांना फार बोल लावू नका. माझ्या हाताखालून आजवर तीनच केसेस गेल्या. एक बिकानेरची, दोन आखातातून परतलेल्या कामगारांच्या. थरच्या वाळवंटात मात्र हा जुना रहिवासी.

पहिली केस अजून डोळ्यासमोर आहे. गिम्साच्या रंगाने रंगवलेली काच. फिकट निळ्या रंगाची मोठी पेशी, तिचं जांभळं केंद्रक एका कडेला ढकललेलं, आणि बाकी पोटभर ठिपके. वीस-पंचवीस तरी असतील. आकार जेमतेम २ ते ४ मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्या फार तर निम्मा. नीट फोकस केलं की प्रत्येक ठिपक्यात दोन खुणा दिसतात, एक गोल केंद्रक आणि शेजारी आडवी काडी. ती काडी दिसली की निदान झालं. पेशी अगदी तडकायला आलेल्या डाळिंबासारखी. ही जी मोठी पेशी, ती मॅक्रोफेज. हाच तुमचा सिपाही.

वऱ्हाडी_ठेचा
वाळूमाशी म्हणजे तेच ना जे चांदीपुरा पसरवते? आमच्या नागपूरकडलंच गाव हाय ते, १९६५ मध्ये तिथंच तो विषाणू सापडला होता. २००३ मध्ये लेकरं गेली तेव्हा लय भ्या वाटलं होतं. मंग भावाले तेबी होऊ शकते का?

काचपट्टी
@वऱ्हाडी_ठेचा, माशी त्याच कुळातली, रोग वेगळा. चांदीपुरा हा विषाणू आहे, मुलांच्या मेंदूवर जातो आणि एकदोन दिवसांत होत्याचं नव्हतं करतो. हा एकपेशीय परजीवी, सावकाश महिनोन्महिने चालणारा. एकातून दुसरं होत नाही.

माशी मात्र दोन्हीकडे लक्षात ठेवण्यासारखी. २-३ मिलिमीटरची, अंगावर केस, बसली की पंख इंग्रजी व्हीसारखे उभे. गुणगुणत नाही. नीट उडतही नाही, टुणटुण उड्या मारते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठे, उंदरांची बिळं ही तिची घरं. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते, बारीक विणीची लागते.

पेट्रीडिश
माझं खातं! पीएचडीची पाच वर्षं याच प्राण्याबरोबर काढली आहेत (संसार त्यानंतर केला). जमेल तसं लिहिते.

वाळूमाशी डासासारखी अलगद सुई घालत नाही. तिचं तोंड करवतीसारखं. त्वचा कापते, रक्ताचं डबकं करते आणि ते पिते. म्हणजे आपल्या शरीराच्या दृष्टीने ही जखम झाली, आणि जखम झाली की न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींची पहिली फळी, धावतात. २००८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या चमूने जिवंत उंदराच्या कानात हे घडताना सूक्ष्मदर्शकातून बघितलं. माशी चावलेल्या जागेभोवती न्यूट्रोफिलांची झुंबड उडाली. माशीत परजीवी नसला तरीही त्या आल्या. परजीवी असला की त्याला गटकन गिळलं.

आता गंमत बघा. त्यांनी काही उंदरांमधल्या न्यूट्रोफिल आधीच काढून टाकल्या. पहिली फळीच नाही म्हटल्यावर रोग जोरात व्हायला हवा ना? उलट झालं. परजीवीला पाय रोवायला जड गेलं. थोडक्यात, जे मदतीला धावले त्यांच्याच आडोशाने तो आत शिरत होता.

मावळा_९६
म्हणजे शाहिस्तेखानाच्या वेळी वरातीतून लाल महालात शिरल्यासारखं!

इतिहासप्रेमी_सदाशिव
@मावळा_९६, परजीवीला महाराजांच्या पंगतीला बसवू नका. उपमा बदला.

मावळा_९६
बदलली. लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला शिरणारे अनोळखी काका. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे.

टवाळ_कार्टं
हहपुवा. माझ्या लग्नात चार होते.

पेट्रीडिश
काकांची उपमा शास्त्राच्याही जास्त जवळ आहे, खरंच. न्यूट्रोफिल अल्पायुषी, मेल्या की त्यांचा पू होतो. मेलेल्या न्यूट्रोफिल उचलून साफसफाई करणं हे मॅक्रोफेजचं रोजचं काम, आणि ते काम बोंबाबोंब न करता चालतं, नाहीतर आपल्याला रोज सूज आली असती. एक मत असं की परजीवी त्या मरणाऱ्या न्यूट्रोफिलच्या पोटातूनच मॅक्रोफेजकडे जातो. दुसरं मत, तो आधी बाहेर निसटतो आणि मग मॅक्रोफेज त्याला गिळतो. आमच्या क्षेत्रात यावर चहाच्या कपात वादळं झाली आहेत. मी दुसऱ्या गटातली. न्यूट्रोफिलमधून निसटतानाचे व्हिडिओ मी पाहिलेत.

शिवाय मॅक्रोफेजला फसवायची त्याची स्वतःचीही युक्ती आहे. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात, ती जंतूवर चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात. लेशमॅनियाच्या अंगावर जीपी६३ नावाचं कात्रीसारखं विकर असतं. ते चिकटलेलं प्रथिन अशा बेताने कापतं की भोक पडत नाही, पण मॅक्रोफेजला 'हे उचल' हा निरोप मात्र जातो. त्या वाटेने उचललेल्या मालावर मॅक्रोफेज फारसा चवताळत नाही. आत गेल्यावर परजीवी शेपूट टाकून गोल होतो आणि पेशीच्या आम्लाच्या पिशवीत मुक्काम ठोकतो. बाकी जंतू जिथे विरघळतात तिथे हा वाढतो. लोणच्याच्या बरणीत संसार थाटल्यासारखं.

आप्पा_मंगळवेढा
सगळं वाचतोय. निम्मं कळलं, निम्मं कळल्यासारखं वाटलं.

तुमच्या पिढीला नारू माहीत नसेल. आमच्या लहानपणी पायऱ्यांच्या विहिरी, त्यात उतरून पाणी भरायचं. वडिलांच्या घोट्यापाशी फोड आला, आग आग व्हायची, म्हणून ते पाय पाण्यात बुडवून बसायचे. फोड फुटला आणि पांढरा दोरा दिसला. शेजारच्या म्हातारीने तो काडीला गुंडाळला. रोज दोन बोटं, त्याहून जास्त नाही. मी काडी धरून बसायचो. ओढू नको, तुटला तर पाय जाईल, असा दम दिलेला. अठरा-वीस दिवस चाललं. हातभर निघाला. आता मला सांगा, एवढा मोठा किडा वर्षभर अंगात असताना या तुमच्या पेशी काय करत होत्या?

काचपट्टी
आप्पा, दंडवत. नारू काडीवर गुंडाळल्याचं सांगणारा माणूस प्रथमच भेटतोय. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला, त्यामुळे आमच्या पिढीने तो फक्त पुस्तकात बघितला.

तुमचा प्रश्न बिनतोड आहे. विहिरीच्या पाण्यातल्या बारीक किड्यांबरोबर त्याच्या अळ्या पोटात जातात, आणि मादी साधारण वर्षभर त्वचेखालून हिंडते. तेवढा काळ शरीर जवळपास गप्प असतं. जिवंत कृमी स्वतःला बेमालूम झाकून घेतो. तो मेला किंवा तुटला की आतला माल बाहेर सांडतो आणि मग सगळ्या पेशी एकदम तुटून पडतात. पाय सुजतो, पिकतो. म्हातारीचा 'दोन बोटं' हा नियम म्हणजे त्या पेशींना जागं न करण्याचा नियम होता. आणि पाय पाण्यात बुडवायला लावणारी ती आग हा त्या मादीचाच डाव. पाणी लागलं की ती अळ्या सोडते, विहीर पुन्हा दूषित.

आप्पा_मंगळवेढा
म्हणजे वडील पाय बुडवून गावभर नारू वाटत होते. अरे देवा.

मिसळपाव_प्रेमी
अवांतर: मागच्या महिन्यात रिपोर्टमध्ये माझे इओसिनोफिल ९ टक्के आले. केमिस्टने न विचारता जंताची गोळी हातात ठेवली. या पेशी जंतवाल्याच असतात ना?

काचपट्टी
केमिस्ट अर्धा बरोबर. आपल्याकडे इओसिनोफिल वाढायला सर्दी, दमा, ॲलर्जी पुरते. पण कृमींशी त्यांचं जुनं वैर आहे हे खरं. हातभर नारू कुठली पेशी गिळणार? अशा वेळी गिळण्याचा प्रश्न येत नाही, बाहेरून चिकटून विष ओतायचं. इओसिनोफिलमधले दाणे काचेवर गुलाबी-नारिंगी दिसतात, लाल बिट घातलेला साबुदाणा जणू. ते दाणे कृमीच्या कातडीवर रिकामे होतात. पॉल एर्लिखने १८७९ मध्ये इओसिन रंग घेणाऱ्या पेशी म्हणून हे नाव दिलं. तुम्ही मात्र रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, धाग्याला नको.

लाल_माती_रत्नांग्री
भातलावणीत पायांना खाज सुटते ती यातलीच का? आमचे आजोबा सांगायचे, पाण्यात काय तरी चावतं.

काचपट्टी
सगळीच नाही, चिखल्याही असतात. पण एक कारण हे असू शकतं: गुरांच्या अंगातल्या शिस्टोसोमा कृमीच्या अळ्या गोगलगायींतून पाण्यात येतात आणि चुकून माणसाच्या कातडीत घुसतात. माणूस त्यांचं घर नव्हे, त्या कातडीतच मरतात. खाज येते ती त्यांना संपवणाऱ्या आपल्याच पेशींच्या धांदलीमुळे. इथे पहिली फळी चक्क जिंकते! आणि तुमच्याच जिल्ह्यातलं गिमवी गाव माणसाच्या शिस्टोसोमासाठी १९५२ पासून पुस्तकात आहे.

होस्टेल_नं_४
खरजेचं पण सांगा. इंजिनिअरिंगला रूममेट घरून घेऊन आला. आम्ही त्याच्याच चादरीवर पत्ते खेळायचो. महिनाभर कुणाला काही नाही, मग एका आठवड्यात अख्खा मजला खाजवतोय. पुढच्या वर्षी परत आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी मला खाज! मला वाटलं आता सवय झाली असेल.

पेट्रीडिश
उलट. पहिल्या खेपेला शरीराला ओळख पटायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्यात किडा स्वतः आजूबाजूचा बंदोबस्त थंड ठेवणारी प्रथिनं सोडतो. दुसऱ्या खेपेला ओळख आधीच असते. बहुतेकांच्या अंगावर १०-१५ किडेच असतात, खाज मात्र सगळीकडे. आणि सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावलं नाही तर मजला बरा होत नाही.

आवळा_कँडी
एवढं सगळं वाचून एकच दिसतं. मूळ इम्युनिटी कमी. रोज गुळवेल, आवळा, पहाटे उठणं. मग माशी चावली तरी काही होणार नाही. तुमच्या भावाची हॉटेलच्या खाण्याने प्रतिकारशक्ती ढासळलेली असणार.

गोदाकाठची_मैना
@आवळा_कँडी, भाऊ रोज पाच किलोमीटर पळतो हो. आणि खातो काय? बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी.

पेट्रीडिश
@आवळा_कँडी, आवळा खा, छान असतो. पण 'वाढवा' म्हणजे नक्की काय वाढवू? न्यूट्रोफिल? वर सांगितलं, त्या जास्त धावल्या तर परजीवीचीच सोय.

दक्षिण अमेरिकेत याच रोगाचा एक प्रकार आहे, काही रुग्णांत नाका-तोंडापर्यंत जातो. तिथली खरवड घेतली तर परजीवी शोधून सापडत नाहीत, इतके थोडे. नाकाचा पडदा मात्र खाऊन टाकलेला. तो आपल्याच पेशींनी खाल्लेला. दुसऱ्या टोकाला असे रुग्ण की अंगभर गाठी, प्रत्येक गाठीत परजीवी ठासून भरलेले, आणि जखम एकही नाही, कारण शरीर लढतच नाही. भावाच्या हातावरचा खळगासुद्धा परजीवीने कोरलेला नाही, भांडणात झालेली ती मोडतोड आहे. मला 'इम्युनिटी कमी-जास्त' हे मोजमापच पटत नाही. प्रश्न व्हॉल्यूमचा नाही, कुठलं स्टेशन लागलंय त्याचा आहे.

आवळा_कँडी
तुम्ही लोक उंदरांवर प्रयोग करता आणि माणसांना सांगता.

पेट्रीडिश
हा टोला मान्य. २००८ चा प्रयोग उंदरांवरचा आहे हे मी लिहिलंच होतं.

खजूर_आणि_कॉफी
सौदीतून. अल-हसा भागात दहा वर्षं होतो, खजुराच्या बागा. तिथल्या म्हाताऱ्यांच्या हातापायांवर असे व्रण सर्रास दिसायचे. कुणाला कौतुक नव्हतं. एकदा झाला की परत होत नाही, म्हणून लहानपणीच झालेला बरा, असं बोलायचे. या फोडाला जितकी गावं तितकी नावं. अलेप्पो फोड, बगदाद फोड, आणि आपला दिल्ली फोड.

काचपट्टी
त्या म्हाताऱ्यांचं निरीक्षण पक्कं होतं. यावरून जुन्या काळी मुद्दाम फोडातला स्राव मुलांना झाकल्या जागी टोचायचे, म्हणजे चेहऱ्यावर व्रण नको. १९८०च्या दशकातल्या इराण-इराक युद्धाच्या काळात इराणने हेच प्रयोगशाळेत वाढवलेला जिवंत परजीवी वापरून सुमारे २० लाख लोकांना केलं, बरेचसे सैनिक आणि निर्वासित. काहींचे फोड चिघळून लांबले, म्हणून पुढे मागे पडलं. तरी अजून याच्याइतकी खात्रीची दुसरी लस माणसासाठी निघालेली नाही.

प्रशासक
व्यक्तिगत औषधं आणि डोस धाग्यावर सुचवू नयेत. हळदीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

टवाळ_कार्टं
पहिला ठेवला की. त्याला इम्युनिटी आली.

गोदाकाठची_मैना
तीन आठवड्यांनी येतेय, माफी. भावाला फोडाच्या कडेने इंजेक्शनं चालू आहेत. कडा पांढरी फटक पडेपर्यंत औषध भरतात, म्हणतो टोचताना ब्रह्मांड आठवतं. आधी दुखत नव्हतं, आता उपचार दुखतोय. पण कडा बसायला लागली आहे. शेजारच्या खाटेवर एकाला मशीनने ५० अंशांचा चटका ३० सेकंद देत होते, तोही याच रोगासाठी.

पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. पिशवीत आरामात बसलाय, मॅक्रोफेज चवताळत नाही, तर आपोआप बरं होतं ते कोण करतं?

पेट्रीडिश
राहिला खरा. आवळ्यात अडकले.

करतो तोच मॅक्रोफेज, ज्याच्या पोटात तो बसलाय. मॅक्रोफेजमध्ये दोन खाती आहेत, एक मारामारीचं, एक डागडुजीचं. दोन्ही खात्यांचा कच्चा माल एकच, आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल. मारामारीच्या खात्यात त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो. विषारी वायू, परजीवी जागच्या जागी मरतो. डागडुजीच्या खात्यात त्याच आर्जिनिनपासून पॉलिअमाइन बनतात, ज्यावर नवीन पेशी वाढतात. आणि परजीवीही वाढतो, फुकटात. त्वचेतले मूळ रहिवासी मॅक्रोफेज स्वभावाने डागडुजीवाले. उंदरांत तर इओसिनोफिलच त्यांना तसं ठेवायला मदत करतात असं दिसलंय. मिसळपाव_प्रेमी, तुमच्या त्याच.

खातं बदलायचा हुकूम बाहेरून यावा लागतो. त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी परजीवीचे तुकडे घेऊन लसिकाग्रंथीत जातात, तिथे टी पेशी तयार होतात, त्या फोडापाशी येऊन इंटरफेरॉन गॅमा सोडतात. तो पोचला की खातं बदलतं. प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदरांत हा हुकूम निघतो, फोड बरा होतो. पांढऱ्या बाल्ब जातीच्या उंदरांत चुकीचा हुकूम निघतो आणि तोच परजीवी त्यांना मारतो. माणसात नायट्रिक ऑक्साइड एकटाच सगळं करत नाही, इतरही मारेकरी आहेत, पण हुकुमाची गोष्ट तीच. बहुतेक माणसं या बाबतीत काळे उंदीर. फक्त हुकूम पोचायला महिने लागतात, तेवढ्यात खळगा पडून जातो.

आणि एक. बरं झाल्यावरही थोडे परजीवी तिथेच राहतात, बहुधा जन्मभर. खजूरवाल्यांच्या म्हाताऱ्यांना परत होत नव्हतं त्याचं एक कारण बहुतेक हेच. ते थोडे राहिले म्हणून हुकूम देणारे जागे राहिले.

आप्पा_मंगळवेढा
हे मात्र पूर्ण कळलं.

हळदकुंकू
वाचनखूण साठवली. हळद फक्त भाजीत घालेन.

गोदाकाठची_मैना
पेट्रीडिश, काचपट्टी, खूप खूप धन्यवाद. भावाला वाचून दाखवलं. 'जन्मभर राहतात' ऐकून तो म्हणाला, भाडं तरी घ्या.

आईला चिंता व्रणाची, पुढच्या वर्षी मुली बघायच्यात. काल व्हिडिओ कॉलवर त्याने हात दाखवला. मधे खळगा, भोवती चुरगळल्यासारखी कातडी. आईने बराच वेळ बघितलं, मग बाही वर करून दंडावरचा देवी काढल्याचा व्रण मोबाईलसमोर धरला. डिट्टो तसाच. फोटो टाकणार होते, पण ती नको म्हणाली.